ती शीर म्हणाली, मी शीरच ऐकलं

"सोडियम एकशे अडुसष्ट आहे," डॉक्टर कांबळे मॅडम म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला. "आजी, बाळाच्या अंगातलं पाणी आटलंय आणि मीठ तेवढं राहिलंय. ह्याला हायपरनॅट्रेमिक डिहायड्रेशन म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर गेल्या सहा दिवसांत हिच्या पोटात दूध असं गेलेलंच नाही."

मी म्हटलं, "असं कसं होईल? दर दोन तासांनी पाजलंय. मी समोर बसलेली होते."

"छातीला लावणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं," त्या म्हणाल्या. "जन्माचं वजन दोन किलो आठशे. आज दोन किलो दोनशे साठ भरलंय."

मी त्या बाळाची आजी नव्हे. घरमालकीण. माझं नाव रशीदा. कसबा पेठेत जन्मले, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून कसबा पेठेतच आले. शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, बाहेर मराठी. "शेख बाई, तुमचं मराठी किती शुद्ध हो!" असं पुण्यात मला आजवर इतक्या लोकांनी ऐकवलंय की मी उत्तर ठरवूनच ठेवलंय. "तुमचंही बरं आहे," असं म्हणते मी.

हा शुद्धपणा मुद्दाम सांगतेय. ह्या सगळ्या प्रकरणात तोच नडला.

वरच्या मजल्यावरचं जोडपं अफगाणिस्तानातलं, हेरातचं. हमीद पाच वर्षांपूर्वी शिकायला पुण्यात आला. मग त्याच्या देशात राज्य बदललं आणि परत जायची सोय राहिली नाही. बायको, नीलाब, कसेबसे कागद जमवून बाळंतपणाच्या चार महिने आधी इथे पोचली, पाचवा महिना पोटात घेऊनच. एकवीस वर्षांची पोर. त्या चार महिन्यांत जिना उतरली असेल मोजून दहा वेळा. तिची भाषा दरी, म्हणजे फारसीच्या घरातली. हिंदीचे शब्द वीस-पंचवीस येत होते. मला ती 'खाला' म्हणते, म्हणजे मावशी.

निर्वासित म्हणून दोघांची नोंद व्हायची होती. त्यासाठी दिल्लीच्या कार्यालयात जावं लागतं, खेटे घालत आठ-दहा दिवस राहावं लागतं. कितीतरी महिन्यांनी हमीदला तारीख मिळाली. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. बाळंतपणाला अजून तीन आठवडे होते. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाब माझ्या दारात भिंतीला धरून उभी.

जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आधार?"

"नाहीये."

"आधार नाही असं कसं?"

"खरं बोलतोस बाबा," मी म्हटलं, "नाहीच आहे." पासपोर्ट दाखवला, त्याने तो उलटसुलट बघितला, वरून कुणाला तरी बोलावलं. फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना होता. मी 'शेजारीण' लिहिलं. "शेजारी चालत नाही," तो म्हणाला. मग खोडून 'मावशी' लिहिलं. मावशी चालली. तेवढ्यात पोर कळांनी वाकलेली. शेवटी सिझर झालं. सोमवारी दुपारी मुलगी झाली, रडली चांगली ठणठणीत.

नर्सने मला बघितलं आणि हायसं वाटल्यासारखी म्हणाली, "बरं झालं, तुम्ही आहात. तुम्हाला त्यांचं कळेल ना." म्हणजे काय, तर मी मुसलमान, ती मुसलमान, मग भाषाही एकच असणार. एरवी मी असल्या माणसाला तिथल्या तिथे धडा शिकवते. त्या दिवशी मात्र मान हलवली. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. आपल्याला विचारतायत, आपल्याशिवाय ह्यांचं अडतंय, असं वाटलं की माझ्यासारख्या रिटायर्ड बाईच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

मंगळवारी नीलाब बाळाला छातीशी धरून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "खाला जान, शीर नेस्त."

मी म्हटलं, "काय गं?"

तिने छातीवर हात ठेवला. "शीर. शीर नेस्त."

आता मला सांगा, कसबा पेठेतल्या मराठीच्या बाईने ह्यातून काय ऐकावं? शीर. आणि पुढे नस-नेस असं काहीतरी. शीर आणि नस, एकाच गोष्टीची दोन नावं. पोर दोन-दोनदा सांगतेय आणि हात छातीवर. मी ताडकन उठले आणि नर्सला गाठलं. "अहो सिस्टर, हिच्या छातीतली शीर दुखतेय म्हणतेय. नस, नस."

कुणाला विचारलं नाही मी. हमीदला फोन करून 'हा शब्द काय रे' असं विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. पण न कळलेला शब्द माणूस विचारतो. मला तर कळला होता ना!

सिझर झालेल्या बाईच्या छातीत दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी जे करायला हवं ते केलं. त्यांना दोष नाही. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली की काय अशी भीती असते. ताबडतोब ईसीजी काढला, म्हणजे काळजाच्या ठोक्यांचा आलेख. रक्त काढलं. "एक दिवस मॉनिटरवर ठेवू," म्हणाले. तिच्या छातीवर गोल चिकटपट्ट्या आणि वायरी लागल्या, बाजूला मशीन टुकटुकायला लागलं.

आणि काय सांगू, नीलाब शांत झाली. तोवर सारखी 'शीर शीर' चाललेलं, ते थांबलं. माझा हात हातात घेतला, हसली, "शुक्रिया, खाला" म्हणाली. मी नर्सकडे बघून म्हटलं, "बघा, आराम पडला." अभिमानाने म्हटलं मी ते.

बाळही शांत. वायरींमुळे छातीला कमी लावलं गेलं, पण तक्रार म्हणून नाही. लावलं की थोडं चोखायची, झोपायची. अख्खा वॉर्ड कौतुक करत होता. समोरच्या खाटेवरच्या बाळाने आईला जेरीला आणलेलं, त्याची आजी म्हणाली, "किती गुणाचं हो तुमचं!" नर्स आली की विचारायची, "फीडिंग झालं?" मी म्हणायची, "झालं." नीलाबला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी होते ना बोलायला.

बुधवारी दुपट्यावर विटकरी डाग दिसला. मी म्हटलं, मुलगी आहे, मुलींना पहिल्या आठवड्यात होतं असं. माझ्या मुलीला झालं होतं. कांबळे मॅडमनी नंतर सांगितलं की लघवी फार घट्ट झाली की त्यातले खडे असे विटेच्या भुकटीसारखे दिसतात. बाळाला पाणी कमी पडतंय ह्याची ती खूण. म्हणजे बाळही आपल्या परीने सांगत होतं, आणि तिथेही मीच उत्तर देऊन मोकळी.

गुरुवारी रिपोर्ट सगळे चांगले आले. नर्स मॉनिटर न्यायला आली. नीलाब एकदम उठून बसायला लागली. मशीनकडे बोट दाखवत होती, काहीतरी बोलत होती. नर्स म्हणाली, "काय म्हणतायत?"

"घाबरतेय त्याला," मी म्हटलं. "घेऊन जा."

शुक्रवारी डिस्चार्ज. गर्दी होती, बाळाचं वजन करायचं राहून गेलं. मीही आठवण केली नाही. शनिवारी घरी बाळ झोपूनच. रविवारी सकाळी मी अंघोळ घालायला घेतलं तर हातात कापडासारखं लोंबलं. डोळे उघडेना. ओठ कोरडे, कातडी पिवळी, अंग तापलेलं. टाळूवर हात ठेवला तर तिथे खळगा. या अल्लाह! मी दुपट्यात गुंडाळलं, नीलाबच्या टाक्यांचा विचार न करता तिला जिना उतरवला, आणि रिक्षाने मोठ्या हॉस्पिटलात आले. तिथे कांबळे मॅडम भेटल्या.

त्यांनी विचारलं, "आईला दूध येतंय का?"

मी म्हटलं, "तिची तक्रार वेगळी आहे. छातीतली शीर दुखते तिची. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत."

नीलाबने 'शीर' शब्द ऐकला आणि ती मॅडमच्या हाताला धरून रडायला लागली. "शीर नेस्त, डॉक्टर. शीर नेस्त."

मॅडम वळल्या आणि मला म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याचा नंबर लावा." हमीद फोनवर आला. मॅडमनी फोन नीलाबच्या तोंडाजवळ धरला. ती बोलली. मग तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, ती म्हणते दूध नाही. पहिल्या दिवसापासून नाही. शीर म्हणजे दूध."

मी काउंटरला टेकले. शीर म्हणजे दूध. अहो, मी लग्न झाल्यापासून दर ईदला शीरखुर्मा करते! आधल्या दिवशी दुधाला आटवत बसते. वर्गातल्या पोरांना डबे भरभरून नेलाय. त्यातल्या 'शीर'चा अर्थ काय, असा प्रश्न मला जन्मात पडला नाही. खुर्मा म्हणजे खारीक एवढं माहीत होतं. शीर म्हटलं की मला कसबा पेठेतलं मराठी आठवलं, स्वतःच्या चुलीवरचं दूध आठवलं नाही.

वर्षानुवर्षं मी मुलांना 'ध चा मा करणे' ह्या वाक्प्रचाराचा अर्थ शिकवलाय. एका अक्षराने जीव जातो, असं फळ्यावर लिहून द्यायची. माझ्या हातून तर एक अक्षरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. ती शीर म्हणाली, मी शीरच सांगितलं. तरी व्हायचं ते झालंच.

बाळाला एनआयसीयूत नेलं, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. माझ्या डोक्यात साधा हिशोब. पाणी कमी पडलंय ना, मग द्या भराभर. कांबळे मॅडम म्हणाल्या, "तसं नाही करता येत. सोडियम हळूहळूच उतरवायचं. घाई केली तर मेंदूला सूज येते. दोन ते तीन दिवस लागतील."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"आईचं दूध सुरू करायचा प्रयत्न. बाकी वाट बघायची."

वाट बघणं म्हणजे काय ते बाहेरच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. काचेतून दिसायचं ते एवढंच, की एका पेटीत एक मूठभर जीव आणि त्याच्या डोक्याला लावलेली सुई, कारण हाताला शीर सापडत नव्हती. हो, खरीखुरी शीर. नर्स मला येऊन सांगत होती, "शीर मिळत नाहीये हो आजी," आणि मला तो शब्द कानांनी ऐकवत नव्हता.

सोमवारी दुपारी बाळाला झटका आला. हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. आम्हाला बाहेर काढलं. नीलाब दाराशी खाली बसली. तिला काय झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता, आणि एखादा सुचला असता तरी मी तो उच्चारला नसता. माझा माझ्या कानांवरचा आणि तोंडावरचाही विश्वास उडाला होता. नुसती शेजारी बसून राहिले. आत जाऊन मॅडमना विचारायची हिंमत होईना. असं लाचार मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान माझी चूक नव्हती.

झटका औषधाने थांबला. मेंदूची सोनोग्राफी झाली. "आत्ता काही मोठं दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. 'आत्ता' ह्या शब्दावर त्यांनी जोर दिला की मलाच तसं ऐकू आलं, देव जाणे.

दुधाचं म्हणाल तर त्या हॉस्पिटलात त्यासाठी वेगळ्या सिस्टर होत्या. लॅक्टेशन काउन्सेलर, म्हणजे बाळाला पाजायला शिकवणाऱ्या. जोशी सिस्टर. मी म्हटलं, ह्यात शिकवायचं काय असतं? बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका ना? मग तुम्हीच असं म्हणता?" बरं उत्तर दिलं.

त्यांनी मला समजावलं ते असं. सिझरनंतर, त्यातून आई घाबरलेली, एकटी असेल तर दूध उतरायला दिवस लागतात. बाळाने स्तनाग्र नीट तोंडात धरलं नाही तर जे थोडं असतं तेही पोटात जात नाही. ह्या धरण्याला त्या 'लॅच' म्हणत. बाळ पेटीत असताना दर तीन तासांनी पंपाने दूध काढायचं, म्हणजे शरीराला कळतं की कुणीतरी मागतंय. वाटीच्या तळाला चिकटेल एवढं आलं तरी ते सोन्यासारखं, ते नळीने बाळाला देतात.

नीलाब पंप लावून बसायची. अर्धा तास. वाटी कोरडी. तीन तासांनी पुन्हा. वाटी कोरडी. तिसऱ्या दिवशी कापसाचा बोळा भिजेल एवढं आलं, तर ती वाटी दोन्ही हातांत धरून एनआयसीयूच्या दारापर्यंत इतकी हळू गेली की वाटेतल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

बाहेरच्या बाकावर सल्ल्यांना तोटा नव्हता. अळीव, शतावरी, बाजरीची भाकरी. अळिवाची खीर मी रोज नेत होते, नीलाब बिचारी डोळे मिटून गिळायची. एक बाई म्हणाल्या, "आईने मनापासून आणलं ना, की येतंच दूध." मी म्हटलं, "अहो, मनात आणून सगळं मिळत असतं तर तुम्हाला आधी थोडी अक्कल आली असती." त्या उठून पलीकडच्या बाकावर गेल्या. वाईट बोलले, कबूल आहे. पण ते वाक्य नीलाबला कळलं असतं तर? तिचं घर गेलं, आई दूर, नवरा रांगेत, आणि वर दूध नाही हाही तिचाच दोष?

जोशी सिस्टरनी मिल्क बँकेचं विचारलं. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, तापवून ठेवतात. हमीदने फोनवर नीलाबला समजावलं, तर तिचा पहिला प्रश्न, "कुणाचं? त्या बाईचं नाव काय? तिला मुलगे किती?" सिस्टर गोंधळल्या. मला लगेच उमगलं. आमच्यात जिचं दूध प्यालं ती आई होते, तिची मुलं भावंडं. त्यांच्याशी उद्या लग्न होऊ शकत नाही. नाव माहीत नसेल तर एखाद्या दिवशी पोरगी आपल्याच दूधभावाशी निकाह लावून बसेल, ही धास्ती. बँकेत दूध मिसळलेलं, नावं मिळत नाहीत.

हे मी सिस्टरना सांगितलं. पण नीलाबला 'घे' म्हणू की 'घेऊ नको', हे मला ठरवता येईना. माझं मन म्हणत होतं, आधी जीव, नातं मागून बघू. बोलले नाही. आठवडाभरापूर्वीची मी असते तर दोघींच्या वतीने सही करून टाकली असती. कांबळे मॅडमनी वाद घातला नाही. "ठीक आहे, तोवर पावडरचं देऊ," म्हणाल्या, आणि नळीने थोडं थोडं सुरू केलं. त्या न रागावण्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

हमीद मंगळवारी पोचला. तारखेचं काम अर्धवट टाकून. पेटीतल्या मुलीला बघितलं आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिथेच त्याला सगळं सांगितलं. शीर, नस, मॉनिटर, विटकरी डाग, काही लपवलं नाही. म्हटलं, "हे सगळं नीलाबला सांग. तिला कळायला हवं, चूक कुणाची ती."

तो तिच्याकडे गेला. मी पाच मिनिटं बोलले होते, तो चार शब्द बोलला. नीलाबने येऊन माझा हात डोळ्यांना लावला. मी शिक्षिका आहे, उत्तर कधी गाळलंय ते मला कळतं. बाहेर त्याला गाठलं. "काय सांगितलंस?"

"म्हटलं, खाला फार थकल्यात," तो म्हणाला. "खाला, आमचं इथे दुसरं कोण आहे? तिला हे कशाला सांगू?"

मला माफी हवी होती. त्याला मावशी हवी होती. वाद कसला घालणार.

चौथ्या दिवशी सोडियम उतरलं. बाळाने डोळे उघडले, सातव्या दिवशी रडलं. त्या रडण्यासाठी मी कसब्याच्या गणपतीला आणि आमच्या पीरसाहेबांना, दोघांनाही बोलले होते. बाराव्या दिवशी घरी सोडलं. नाव ठेवलंय आरजू.

आता ती आठ महिन्यांची आहे. बसते, हसते, माझ्या चष्म्यावर झडप घालते. डावी मूठ उजवीपेक्षा उशिरा उघडते. दर आठवड्याला व्यायामाला नेतो. तो झटक्याचा परिणाम आहे का, पुढे चालताना-बोलताना काही अडेल का, विचारलं की कांबळे मॅडम म्हणतात, "वर्षाची होऊ दे." मी रोज ती मूठ बघते. दुसरं काही करता येत नाही. नीलाबचं दूध पूर्ण कधीच पुरलं नाही. आधी छातीला, मग बाटली, असं चालतं. जोशी सिस्टर म्हणाल्या, जेवढं येतं तेवढं तिचं, त्याचा आनंद करा. आम्ही तो करायला शिकतोय.

तुमच्यापैकी कुणाच्या शेजारी, वॉर्डात, कामावर अशी परमुलखातली बाळंतीण असेल तर माझं एवढं ऐका. बाळ फार गुणाचं वाटलं तर कौतुक करू नका, वजन करा. दिवसाकाठी किती लंगोट ओले झाले ते मोजा. विटकरी डाग दिसला तर माझ्यासारखं पांडित्य न पाजळता डॉक्टरला दाखवा. आणि ती जे बोलते त्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटला तर तिथेच थांबा. फोन लावा, तिच्या माणसाला विचारा. अनोळखी शब्द कुणाला फसवत नाही.

राहिलं एक. नीलाब दुपारी माझ्याकडे मराठी शिकायला बसते. पाटी, बाराखडी, सगळं. मोडकं-तोडकं बोलते, पण कळतं बऱ्यापैकी. गेल्या आठवड्यात आरजू झोपली होती. मी पाटीवर 'शीर' लिहिलं. माझ्या मनगटावरची निळी रेघ दाखवली. म्हटलं, "मराठीत ही शीर. तू दूध म्हणालीस, मी ही समजले. डॉक्टरला मीच चुकीचं सांगितलं. हमीदने तुला सांगितलं नाही. म्हणून आरजू आजारी पडली."

तिने पाटी स्वतःकडे ओढली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "हमीदला मी फोनवर सांगितलं, दूध नाही. तो म्हणाला, खालाला सांग. मी सांगितलं. मग छातीवर वायर लावली. मी म्हटलं, खालाने सांगितलं, आता ही मशीन दूध आणणार. म्हणून मी गप्प झाली. मशीन गेली, दूध नाही आला. मी बोट केलं, परत लावा, परत लावा."

मी म्हटलं होतं, घाबरतेय, घेऊन जा.

मला तोंड लपवायला पदर पुरेना. तिने माझ्या हातावर हात ठेवला नाही, आणि पाटीवरचा स्वतःचा हात काढूनही घेतला नाही. मग विचारलं, "खाला, ती मशीन कशाची होती?"

"काळजाची."

"काय सांगितलं मशीनने?"

"चांगलं आहे म्हणाली. तुझं काळीज अगदी चांगलं आहे."

तिने मान हलवली. आतून आरजूने रडायला सुरुवात केली. नीलाब उठली, मुलीला घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसूनच तिला छातीशी धरलं.